एका तारेचा वृंद

देवळात पन्नास कंठ मिळून एकच अभंग गातात, किंवा चर्चमध्ये गायकवृंद एकच स्तोत्र आळवतो, तेव्हा त्यांतील कोणतेही दोन आवाज नेमके एका क्षणी आणि नेमक्या एका स्वरावर नसतात. कोणी केसभर मागे असतो, कोणी केसभर चढा. समूहगानाचा भरघोसपणा या सूक्ष्म विसंगतीतूनच जन्मतो. एकट्या वाद्याला हे वैभव कसे लाभावे, हा प्रश्न जुना आहे. युरोपातील ऑर्गन बांधणाऱ्या कारागिरांनी नळ्यांच्या दोन ओळींपैकी एक मुद्दाम किंचित बेसूर लावून स्वरात लहर आणली. फ्रान्समध्ये तिला ‘व्हुआ सेलेस्त’, म्हणजे स्वर्गीय आवाज, असे नाव मिळाले.

विसाव्या शतकात हाच प्रश्न विजेच्या गिटारपुढे उभा राहिला. जॅझ आणि रॉक यांच्या संगमातून १९७०च्या सुमारास ‘फ्यूजन’ संगीत आकारास आले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या महाविष्णु ऑर्केस्ट्रात जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार अक्षरशः गर्जत असे. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकावर प्रमाणाबाहेर भार टाकला की स्वर फाटतो. त्या फाटण्यालाही एक तेज असते. परंतु जॅझमधील चार-पाच स्वरांचे स्वरमेळ अशा आवाजात एकमेकांत कालवले जातात. ते सुटे ऐकू यावयाचे तर आवाज निर्मळ हवा; आणि निर्मळ आवाज पुष्कळदा कोरडा वाटतो.

इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये जपानातील ओसाका येथे स्थापन केलेल्या रोलंड कंपनीने यावर तोड काढली. १९७५ मध्ये तिने ‘जॅझ कोरस १२०’ हा ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक बाजारात आणला. त्यात साठ-साठ वॅटचे दोन विभाग आणि बारा इंची दोन स्पीकर होते. एका स्पीकरातून मूळ स्वर जसाच्या तसा निघे. दुसऱ्यातून तोच स्वर सेकंदाच्या काही सहस्रांशांनी उशिरा येई. हा विलंब सतत कमीजास्त होत राहिल्याने दुसरा स्वर किंचित चढे आणि उतरे. दोहोंची भेट यंत्रात होत नसे, ती खोलीतल्या हवेत होई. त्यामुळे मूळ स्वराची निर्मळता अबाधित राहिली.

विलंबाची युक्ती फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी १९६९ मध्ये मांडली होती. आग विझविताना माणसे रांगेने बादल्या पुढे देतात, तसा विद्युत्भार या मंडलात एका घरातून दुसऱ्या घरात सरकतो. १९७६ मध्ये हीच रचना पायाने चालविण्याच्या पेटीत आली. पॅट मेथेनी यांनी मात्र एकाहून अधिक ध्वनिवर्धक आणि निरनिराळे विलंब योजून आपला विस्तीर्ण, मऊ नाद घडविला.

हा गुण बेतानेच घ्यावा लागतो. लहर संथ आणि उथळ ठेवली तर स्वर भरतो. ती वाढविली की तो डगमगू लागतो. निर्दोष आवाजासाठी झटणाऱ्या यंत्रविद्येला अखेर माणसांच्या वृंदातला तो केसभर दोष मोजून मापून परत आणावा लागला.