पावसाच्या गणितामागचा कंपायलर

सावर्डे हे चिपळूण तालुक्यातले गाव. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तेव्हापासून पावसाळा लागला की या तालुक्यात हवामानाचा अंदाज जीव मुठीत धरून वाचला जातो. त्या अंदाजामागची मोठी आकडेमोड पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, ‘अर्का’ या महासंगणकावर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या या यंत्राची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. पुढील पाने सावर्ड्यासारख्या गावात संगणकशास्त्र शिकणाऱ्यांसाठी लिहिली आहेत, म्हणून सुरुवात पावसापासून केली.

मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ आली आणि अंदाजाच्या जाळ्याची चौकट बारा किलोमीटरवरून सहावर आली. दोन्ही दिशांनी चौकट निम्मी झाली की चौकटी चौपट होतात. त्यातच काळाची पावलेही निम्मी घ्यावी लागतात, त्यामुळे काम साधारण आठपट वाढते. उद्याचा पाऊस परवा कळून उपयोग नाही. म्हणून यंत्र जितके महत्त्वाचे, तितकाच त्यावर चालणारा प्रोग्रॅम किती सफाईने यंत्रभाषेत उतरतो, हेही महत्त्वाचे. हे काम कंपायलर करतो. महासंगणकाच्या बातम्यांत त्याचे नाव क्वचितच येते, ही उणीव मला खटकते.

१९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम ७०४ साठी फोरट्रानचा कंपायलर तयार केला. हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या वेगाला तो टेकला नाही, तर प्रोग्रॅमर त्याला हातही लावणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे वेगाची चिंता या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी एकच आकडेमोड पुन्हापुन्हा होणे टाळण्याच्या पद्धतींवर संशोधन केले. उदय खेडकर यांनी त्यांच्यासह, आणि पुढेही, डेटा फ्लो विश्लेषणाचा, म्हणजे प्रोग्रॅममधून मूल्ये कशी वाहतात हे तपासण्याच्या पद्धतीचा, पाया विस्तारला. यंत्रांच्या बाजूने पाहिले, तर पुण्यात सी-डॅकचा ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये उभा राहिला, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांचा ‘एका’ महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा ठरला. वाचकांनी हा विषय परका मानू नये, एवढ्यासाठीच ही नावे.

आता क्लस्टरवर, म्हणजे जोडून एकत्र चालवलेल्या अनेक संगणकांवर, पाऊल ठेवतानाची काळजी. ज्यावरून आपण आत शिरतो तो लॉगिन नोड आणि प्रत्यक्ष काम करणारे नोड यांचे प्रोसेसर नेहमी सारखे असतातच असे नाही. ‘याच यंत्रासाठी’ असा पर्याय देऊन लॉगिन नोडवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम दुसरीकडे पहिल्याच क्षणी बंद पडू शकतो. कंपाइल कुठे करतो आणि चालवतो कुठे, हे आधी पाहावे.

कंपायलरच्या वेग वाढवणाऱ्या पर्यायांत ‘ओ२’पासून सुरुवात करावी. थेट ‘ओ३’वर उडी मारणे ही मला घाई वाटते, कारण तो दरवेळी वेगवान ठरतोच असे नाही. कोणते लूप व्हेक्टर सूचनांत, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर चालणाऱ्या सूचनांत, बदलले आणि कोणते का राहिले, याचा अहवाल कंपायलर मागितल्यावर देतो. तो वाचण्याची सवय लावून घ्या. बरेचदा कारण तुमच्याच लिहिण्यात सापडते. फोरट्रान कोष्टक स्तंभानुसार साठवते, सी ओळीनुसार. लूप उलटे लागले की प्रोसेसर स्मृतीतून आकडे येण्याची वाट पाहत बसतो.

एका पर्यायाबाबत मात्र सावध राहावे. ‘फास्ट-मॅथ’ बेरजांचा क्रम बदलू देतो. दशांश संख्यांची बेरीज संगणकात क्रमावर अवलंबून असते, त्यामुळे शेवटचे अंक बदलतात. साध्या हिशेबात ते चालून जाईल. हवामानाच्या मॉडेलमध्ये मात्र इवलासा फरक दिवसागणिक वाढत जातो. मूळ उत्तर जपून ठेवा आणि प्रत्येक पर्यायानंतर त्याच्याशी ताडून पाहा.

पहिल्या प्रकरणासाठी क्लस्टर लागत नाही. जीसीसी हा कंपायलर मोफत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. दोन मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार लिहा, लूपचा क्रम बदलून प्रत्येक वेळी लागलेल्या वेळेची नोंद करा, आणि ते आकडे समोर ठेवूनच दुसरे प्रकरण उघडा.