वीस फूट हवेची वर्गणी

देवळाच्या वर्गणीला पुण्य असतं, गणपतीच्या वर्गणीला धाक असतो आणि निवडणुकीच्या वर्गणीला भविष्य असतं. मल्लखांबासाठी वर्गणी मागायला निघालेल्या माणसाजवळ यातलं काहीच नसतं. त्याच्याजवळ फक्त पावतीपुस्तक असतं.

आमच्या लातुरात एका छोट्याशा व्यायाम मंडळाच्या इमारत निधीचा खजिनदार म्हणून हे पावतीपुस्तक मी दोन वर्षं बाळगतो आहे. बँकेतल्या कारकुनाला पैसा कुठं असतो ते ठाऊक असतं, अशी लोकांची समजूत आहे. ती खरीही आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाती येणं वेगळं, हे आम्हा काउंटरवाल्यांइतकं कोण जाणतं?

मुळात अडचण मागणीतच आहे. मल्लखांबाचा लाकडी खांब जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास असतो आणि त्याच्या टोकावर आणखी एक पोरगं उभं राहतं. दोरीचा मल्लखांब तर अठरा-वीस फुटांचा. म्हणजे छप्पर हवं वीस फुटांच्याही वर, आणि मधे काहीच नको! गंजगोलाईतल्या एका आडत्यानं नकाशा उलटासुलटा करून मला विचारलं, "सायेब, खाली सतरंज्या, वर पत्रा, समजलं. पण ह्या मधल्या पोकळीचे पैसे कशाला द्यायचे? हवा तर फुकट भेटती की!"

तसा हा प्रश्न जुना आहे. निलंग्यापासून फार लांब नसलेल्या कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा राज्य करीत होता. त्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचं वर्णन करताना खांबावरच्या कसरतीचाही उल्लेख आहे. राजा स्वतःच लेखक, स्वतःच आश्रयदाता आणि तिजोरीही त्याचीच. तेव्हा निधी समितीचं काम फारच सुटसुटीत असणार.

पुढं पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन पहिलवान पुण्यात येऊन आव्हान देऊन बसले, दादांनी वणीच्या सप्तशृंगीची आराधना केली, मारुतीरायानं लाकडी खांबावर डावपेच शिकवले आणि अलीची पाठ जमिनीला लागली, अशी कथा सांगतात. निजामाच्या मुलखातले म्हणजे एका परीनं आपलेच गाववाले हरले, हे मी लातुरात सांगताना जरा हळू आवाजात सांगतो. दादांना दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता. पण 1818 साली पेशवाई बुडाली. राजाश्रयाचं खातं असं एका दिवसात बंद होतं आणि शिल्लक कुणाला मागायची तेही कळत नाही.

मग आला तिकिटाचा जमाना. 1859 साली पॅरिसमध्ये ज्यूल लिओटार्ड नावाच्या तरुणानं झुलत्या झोक्यावरून झोक्यावर उडी घेतली. हा सराव त्यानं बापाच्या व्यायामशाळेत, खाली पोहण्याचा हौद ठेवून केला होता. घरचीच व्यायामशाळा, त्यामुळं पावतीपुस्तक नाही! त्याच्या अंगाला चिकटलेल्या पोशाखाला पुढं त्याचंच नाव पडलं. आपल्याकडं विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली सर्कस काढली आणि हवेत लोंबकळणाऱ्या माणसाला पाहायला लोक पैसे मोजतात हे सिद्ध केलं. पण सर्कशीचा तंबू दुसऱ्या गावाला जातो. आमची लेकरं संध्याकाळी घरी जातात आणि उद्या परत येतात. त्यांना तंबू नाही, भिंती लागतात.

भिंतींसाठी लोकांच्या खिशात हात घालण्याचं शास्त्र मात्र आपल्याकडं अंताजी दामोदर काळे यांनी रचलं. हा शाळामास्तर म्हणाला, प्रत्येकानं वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यानं लगेच गणित मांडलं. तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट. देशातली माणसं सुमारे 30 कोटी. झाले 46 लाख 87 हजार 500 रुपये! अर्थात आकडा कागदावर जेवढा भरतो तेवढा डब्यात भरत नाही. तरीही लोकमान्यांच्या पाठिंब्यानं पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली तळेगावला उभा राहिला. हिशेब चुकला असेल, कारखाना चुकला नाही.

असंच थेंबे थेंबे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आणि दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून वाढत गेलं. अमरावतीच्या पथकानं 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं केली. 2019 साली शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी पोरं दोरीवर सरसर चढली. आमच्याकडं मात्र 1948 पर्यंत निजामी होती, आणि तेव्हा आखाडा काढायचा तरी सरकारची परवानगी लागे. त्यामुळं व्यायामशाळांच्या बाबतीत मराठवाड्याची जुनी थकबाकी आहे, असं मी देणगीदारांना सांगतो. थकबाकी हा शब्द ऐकला की काही जण नोटीस आली समजून खिशात हात घालतात.

गेल्या उन्हाळ्यात खरा पेच पडला. एक सद्गृहस्थ निम्मा खर्च उचलायला तयार झाले. अट एकच: दहा फुटांवर मधे एक स्लॅब टाकायचा आणि वर लग्नाचा हॉल काढायचा. "उत्पन्न मंडळाचंच!" समितीतले अर्धे लोक विरघळले. ताळेबंदाच्या दृष्टीनं तर प्रस्ताव सोन्यासारखा. आमच्या मुलींची दोरी सध्या कडुलिंबाच्या फांदीला आहे. पावसात सुती दोरी भिजून कडक होते आणि सराव बंद पडतो. चार महिन्यांच्या पावसाळ्यात जी मुलगी मागं पडते, तिला जिल्ह्याच्या स्पर्धेत कोण विचारणार? अर्धं छप्पर का होईना, घ्यावं असं म्हणणाऱ्यांचंही चूक नव्हतं.

तेवढ्यात धुणीभांडी करणाऱ्या एका मावशी, त्यांची लेक दोरीवर आहे, दारातूनच म्हणाल्या, "दादा, धा फुटात माझं लेकरू चढंल कुठं?"

मतदान झालं. स्लॅब दोन मतांनी पडला, म्हणजे पडायच्या आधीच पडला. सद्गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी सिमेंटची पन्नास पोती पाठवली. वस्तूरूपानं दिलेल्या देणगीला आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला 80-जीची सवलत मिळत नाही, हे मी त्यांना पोती उतरवून घेतल्यावर सांगितलं.

आता मी अंताजींच्या वाटेनं निघालो आहे. शहरात चारेक लाख माणसं. माणशी एक रुपया म्हटलं तरी जोतं निघेल. डब्यावर क्यूआर कोडही चिकटवला आहे. मात्र पावती मी 'इमारत निधी' अशी फाडत नाही. 'हवा, वीस फूट' असं लिहितो. कशाचे पैसे दिले ते माणसाला नीट कळलं पाहिजे, ही बँकेची शिकवण आहे.