मोटरहोम घेऊन सिंदखेडराजाला येताय? मग हे वाचून या

सिंदखेडराजा : राजमाता जिजाऊंचा जन्म 12 जानेवारी 1598 रोजी ज्या वाड्यात झाला, तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा जुन्या मुंबई-नागपूर रस्त्याला लागूनच आहे. पूर्वी या रस्त्यावरची गाडी गावातून गेल्याशिवाय पुढे जात नसे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांबची वाहनं तालुक्यातून जातात, पण गावात येत नाहीत. अशा वेळी मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन येणारा पाहुणा गावाला हवाच आहे. तो रात्र काढतो, भाजीपाला, दूध इथूनच घेतो. फक्त काही गोष्टी आधी माहीत असाव्यात.

कसं यायचं, गाडी कुठं लावायची

जालन्याहून अंतर साधारण 30 ते 35 किलोमीटर. गाडी मुख्य रस्त्याकडेच ठेवा. जुन्या गल्ल्या अरुंद आहेत, उंच गाडीच्या टपाला वायर लागायची भीती असते. बहुतेक ठिकाणं पायी किंवा ऑटोने होतात. रात्रीच्या मुक्कामासाठी ढाबा किंवा पेट्रोल पंपावर मालकाला विचारूनच थांबा. समृद्धीवर कडेला गाडी लावून झोपू नका, जिवाशी खेळ आहे.

शेतात थांबायचं तर पावसाळ्यात नको. काळ्या मातीत तीन-चार टनांची गाडी एकदा रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि उभ्या पिकाचं नुकसान होतं ते वेगळंच. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या रानात, शेतकऱ्याला विचारून थांबायला हरकत नाही.

काय पाहायचं

राजवाडा आधी बघा. नंतर रंगमहाल. जिजाऊ आणि शहाजीराजांच्या लग्नाची बोलणी रंगपंचमीला इथंच निघाली, असं सांगतात. लखुजीराव 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर मुलांसह मारले गेले. त्यांची भव्य समाधी गावात आहे. याच समाधीजवळ जून 2024 मध्ये पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. नीळकंठेश्वर मंदिर, काळाकोट आणि मूर्तींनी सजलेली पुतळा बारव चुकवू नका.

मोती तलाव आणि चांदणी तलाव निवांत बघण्यासारखे आहेत. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली वास्तू आहे. पाणी अडवायची अक्कल त्या काळी किती होती, ते मोती तलावाची भिंत बघितली की कळतं.

पाण्याचं तेवढं सांभाळा

खरा मुद्दा हाच. मोटरहोमच्या टाकीत शे-दीडशे लिटर पाणी सहज मावतं. उन्हाळ्यात आपल्याकडं कितीतरी घरांना एवढं पाणी दोन-दोन दिवस पुरवावं लागतं. म्हणून मार्च ते जून टाकी शहरातूनच भरून आणा. कुणाच्या बोअरचं पाणी घेतलं तर विचारून आणि पैसे देऊन घ्या.

सांडपाणी त्याहून महत्त्वाचं. तलावाच्या काठावर, बारवेजवळ किंवा नाल्यात टाकी रिकामी करू नका. नाल्यातली घाण पहिल्या पावसात तलावात किंवा विहिरीत जाते. तिथंच जनावरं पाणी पितात. शौचालयाच्या टाकीत औषध टाकलेलं असेल तर ती कुणाच्या सेप्टिक टँकमध्येही ओतू नका, त्यातले जिवाणू मरतात. गावात सार्वजनिक शौचालय वापरावं. टाकी भरलीच तर नगर परिषदेत विचारावं.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मात्र 11 आणि 12 जानेवारीला मोठी गाडी आणू नका. जन्मोत्सवाला लाखो लोक येतात, रस्ते भरून जातात. सोहळा बघायचाच असेल तर एसटीने या. लोणार सरोवर इथून तास-दीड तासावर आहे, दोन्ही मिळून दोन दिवस पुरतात.

निघण्याआधी एक बघा : गाडीत घरच्या घरी फेरबदल केले असतील तर त्यांची नोंद आरसी बुकात असली पाहिजे. नसेल तर रस्त्यात अडवल्यावर दंड भरावा लागतो, आणि अपघात झाला तर विमाही अडकू शकतो.