गारगोट्यांना तेज कसें चढतें



आमच्या घराच्या मागल्या पडवींत गेले तीन आठवडे एक पिंप अहोरात्र फिरत आहे. त्यांत भीमेच्या पात्रांतून वेंचून आणलेल्या साडेतीन किलो गारगोट्या, थोडें पाणी व एक भरड काळी पूड, एवढाच ऐवज आहे. परंतु त्याचा खळखळाट असा कांहीं चालतो कीं, शेजारच्या गृहस्थांनीं परवां ‘‘काय हो, पिठाची चक्की काढलीत कीं काय?’’ असें विचारलें. घरांतील मंडळींनीं या आवाजाची संवय करून घेतली आहे. किंबहुना मध्यरात्रीं पट्टा निसटून पिंप थांबलें कीं प्रथम त्यांनाच जाग येते. या पिंपाची हकीकत सांगावयाची तर ती माझ्या पडवीपासून सुरू करून भागणार नाहीं. ती सुरू होते खंबायतेस, आणि तिच्याहि मागें पैठणच्या गाडीवाटेवर.

गारगोटी ही आपल्या देशावरची जुनी रहिवासी. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. तो रस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढें झिरपणाऱ्या पाण्यानें त्यांत सिलिका आणून सोडली आणि त्या पोकळ्या भरून निघाल्या. सभोंवारचा काळा पाषाण झिजून त्याची काळी माती होते, परंतु पोकळींतला हा भरणा जसाच्या तसा उरतो आणि नदी-ओढ्यांच्या वाळूंत येऊन पडतो. यांपैकीं रंगीत पट्ट्यांच्या जातीला अकीक म्हणतात. कठीणपणाच्या ज्या मोजपट्टींत हिऱ्याचा क्रम दहावा लागतो, तींत अकीक सातव्या स्थानीं बसतो. चाकूच्या पात्यानें त्याच्यावर चरा पडत नाहीं. म्हणूनच त्याला तेज चढविणें हा एक प्रश्नच होता, व तो माणसानें फार प्राचीन काळीं सोडविला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहून ठेवली आहे. ती ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. लेखकाचें नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं. त्या वहींत भडोचपासून वीस दिवसांच्या दक्षिणवाटेवर असलेल्या पैठणचा उल्लेख आहे, आणि तेथून गाड्यांवर लादून, जेथें धड रस्ताहि नाहीं अशा मुलुखांतून, भडोचच्या बंदरास जाणाऱ्या मालांत या पट्टेदार दगडांचें नांव स्पष्ट दिलेलें आहे. सातवाहनांच्या राजधानींतून गारगोट्यांच्या गाड्या निघत होत्या! नेवासें आणि भोकरदन येथील उत्खननांत अकीकाचे मणी सांपडले आहेत, त्यावरून ही गोष्ट नुसत्या परक्या प्रवाशाच्या टिपणावर अवलंबून राहत नाहीं. सिंधु-संस्कृतीकडे वळलें तर काळ आणखी दोन-अडीच हजार वर्षें मागें सरकतो. चन्हुदडो येथें १९३५-३६ सालीं अर्नेस्ट मॅके यांना मण्यांचा एक कारखानाच मिळाला, आणि तेथल्यासारखे लांबट लाल मणी इराकांतील ऊर येथील राजथडग्यांत निघाले आहेत.

आतां खंबायतेचा धंदा पाहूं. तेथला कच्चा माल येई तो नर्मदेजवळच्या राजपिपळ्याच्या टेकड्यांतून, मुख्यतः रतनपूरच्या खाणींतून. तेथील टेकडीवर बाबा घोर या सिद्दी संताचा दर्गा आहे, आणि अकिकाचा व्यापार त्यांनीं वाढविला अशी परंपरा तेथें सांगतात. सोळाव्या शतकाच्या आरंभीं आलेला पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा जवळच्या लिमोदऱ्याचें नांव घेतो, आणि खंबायतेच्या कारागिरांचीहि तारीफ करतो. खाणींतून निघालेला दगड बहुधा मळकट पिंवळसर असतो. तो प्रथम उन्हांत वाळवावयाचा, मग मडक्यांत घालून शेणीच्या मंद विस्तवांत रात्रभर भाजावयाचा. दगडांतील लोहाचा जो अंश पाण्याशीं संयुक्त होऊन पिंवळा दिसत असतो, तो या आंचेनें पाणी टाकून देतो व लाल होतो. बाजारांत जो डाळिंबी मणी आपण पाहतों त्याची लाली बहुतेक वेळां अशी चुलीवरून उतरलेली असते. आंच जोरकस झाली कीं दगड तडकला म्हणून समजावें.

पुढें जमिनींत रोंवलेल्या लोखंडी टोंकाशी दगड धरून त्याच्यावर म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें टोले द्यावयाचे, म्हणजे आंतल्या बाजूनें कपच्या उडून मण्याला ओबडधोबड आकार येतो. हें काम मी सांगतों तितकें सोपें नाहीं. मग घासणें, मग भोंक, आणि शेवटीं चकाकी. या चकाकीच्या कामासाठींच मी आज आपल्यापुढें आलों आहें.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सहावा खंड १८८० सालीं निघाला. त्यांत या कामाचें वर्णन दिलेलें आहे. चामड्याची एक मजबूत थैली घेत. लांबी सुमारें दोन फूट, रुंदी दहा-बारा इंच. तींत मणी, कुरुंदाची पूड व अकिकाचीच बारीक भुकटी भरून तोंड घट्ट बांधीत. थैलीच्या मध्यावर चामड्याची एक चपटी वादी गुंडाळीत. खोलीच्या दोन्ही टोंकांस एक-एक माणूस बसे, प्रत्येकाच्या हातांत वादीचें एक टोंक, आणि मग या माणसानें ओढावें, त्या माणसानें ओढावें, असें चाले. थैली लोळत या बाजूस जाई, लोळत त्या बाजूस येई. असें दहा ते पंधरा दिवस! तेवढा वेळ थैलीवर पाणी शिंपडून ती ओली ठेवीत. दोन माणसें समोरासमोर बसून पंधरवडाभर एक पिशवी ओढीत आहेत, हें चित्र पाहून कोणास हंसूं येईल. पण जरा विचार केला म्हणजे कळतें कीं नदी जें काम शतकानुशतकें करते तेंच या दोघांनीं पंधरा दिवसांत आणून बसविलें होतें. दगड दगडावर घासतो, मधली पूड चावत राहते, पाणी पुडीला सगळीकडे फिरवितें. आपल्या देवघरांतला नर्मदेचा बाण हातांत घेऊन पाहावा. त्याचा गुळगुळीतपणा याच जातीचा आहे.

जर्मनींत नाहे नदीच्या खोऱ्यांत ईडार-ओबरस्टाइन म्हणून गांव आहे. तेथल्या अकीककारांनीं दुसरी वाट धरली. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारीं वालुकाश्माचीं भलीं मोठीं चाकें, आणि त्यांच्यापुढें बुटक्या बांकावर पालथा पडून, छातीचा सगळा भार देऊन दगड चाकावर दाबणारा कारागीर. जवळच्या खाणी आटल्यावर एकोणिसाव्या शतकांत त्यांचेच देशांतर केलेले बांधव ब्राझिलांतून दगड पाठवूं लागले आणि धंदा वांचला. यंत्राची शक्ति त्यांच्यापाशीं होती. तरी सुटे बारके खडे एकदम शेंकड्यांनीं चमकविण्याच्या कामीं मला खंबायतेची थैलीच अधिक हुषारीची वाटते. ज्याला हात लावावा लागत नाहीं तें काम खरें स्वस्त.

कुरुंदाची जागा घेणारी पूड अमेरिकेंत जन्मली. एडवर्ड अ‍ॅचेसन हे १८९१ सालीं कृत्रिम हिरा करण्याच्या नादांत होते. चिकणमाती व कोक यांच्या मिश्रणांतून त्यांनीं विजेचा प्रवाह सोडला. हिरा मिळाला नाहीं, पण कांडीला चिकटलेले चकचकीत कठीण कण मिळाले. कार्बन व कुरुंद यांचें हें संयुग असावें अशा समजुतीनें त्यांनीं त्याला कार्बोरंडम असें नांव दिलें. समजूत चुकीची ठरली, त्यांत सिलिकॉन व कार्बन आहे. नांव मात्र टिकलें. १८९३ सालीं त्यांना पेटंट मिळालें, आणि दोनच वर्षांत नायगाऱ्याच्या विजेवर कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील हौशी लोकांनीं ही पूड, जुनी मोटर आणि हाताशीं येईल तें पिंप एकत्र आणून घरोघर गारगोट्या घोळावयास आरंभ केला. माझें पिंप त्याच घराण्यांतलें.

कोणास हौस असेल तर आंकडे सांगून ठेवतों. पिंप आंतून सहा इंच व्यासाचें, बाहेरून साडेसहा, आंत रबराचें अस्तर. तें दोन आडव्या दांड्यांवर ठेवावयाचें. दांड्यांवर रबरी नळी चढवून जाडी अर्धा इंच झाली पाहिजे. मोटर मिनिटास १४४० फेरे करणारी. पट्ट्याच्या दोन कप्प्यांनीं तो वेग निम्मा केला म्हणजे दांडी ७२० फेरे करते, आणि तिच्यावरचें पिंप पंचावन्नच्या आसपास. हा पंचावन्नाचा आंकडा मी उगाच सांगत नाहीं. याच पिंपानें मिनिटास सुमारें १०८ फेरे घेतले तर आंतले दगड भिंतीला चिकटून नुसते गरगर फिरतील, एक कण झिजणार नाहीं. फारच सावकाश फिरविलें तर सगळा ढीग एकत्र घसरत राहतो. निम्म्या वेगाला ढिगाचा वरचा थर अलगद खालीं लोळतो. झीज होते ती त्या लोळण्यांत. पिंप अर्ध्याहून थोडें अधिक, फार तर दोन-तृतीयांश भरावें. पूर्ण भरलेल्या पिंपांत दगडांना लोळावयास जागा कोठली?

पहिला आठवडा-दोन आठवडे भरड पूड, मग मध्यम, मग पिठासारखी, आणि अखेरीस अ‍ॅल्युमिना. प्रत्येक पायरीनंतर दगड व पिंप धुवावयाचें. येथें मी पहिल्या खेपेस आळस केला. एका गारगोटीच्या फटींत भरड पुडीचे दोन-चार कण राहून गेले, आणि शेवटच्या आठवड्यानंतर झांकण उघडून पाहतों तों साऱ्या दगडांवर बारीक ओरखडे! महिनाभराची वीज आणि झोंप फुकट. तेव्हांपासून फटी असलेला दगड मी मुळांतच घेत नाहीं. दुसरा शत्रु म्हणजे झांकणाची गळती. गळलेला गाळ दांडीच्या बेअरिंगांत शिरला कीं तो तेथेंहि आपलें काम इमानानें करतो. माझी एक दांडी त्यानें दीड महिन्यांत सुतासारखी कातरून टाकली. म्हणून रोज सकाळीं पिंपाखालीं हात फिरवून ओल पाहावयाची, आठवड्यास तेलाचा थेंब द्यावयाचा, पट्टा सैल पडला तर मोटर मागें सरकवावयाची.

परंतु माझी खरी चूक याहून निराळी होती, व ती सांगितल्यावांचून हें भाषण पुरें करणें मला योग्य वाटत नाहीं. घाई म्हणून मी गारगोट्यांच्या तीक्ष्ण कडा प्रथम एका विजेच्या चाकावर कोरड्याच घासून घेत असें. पडवींत पांढरा धुरळा उडे. मी तो झटकून जेवावयास बसें. कांहीं महिन्यांनीं खोकला जडला. डॉक्टरांनीं छातीचें चित्र काढविलें, सुदैवानें त्यांत कांहीं निघालें नाहीं. मात्र काय करतां म्हणून विचारून घेतल्यावर ते माझ्यावर जे रागावले ते मी विसरणार नाहीं. सिलिकेचा डोळ्यांना न दिसणारा कण फुप्फुसांत जाऊन बसतो. शरीराला तो पचत नाहीं व बाहेरहि टाकतां येत नाहीं. त्याच्याभोंवतीं गांठी धरत जातात आणि श्वासाची जागा कमी होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो उलटविणारें औषध नाहीं, आणि क्षयाला तो दार उघडून देतो.

त्यानंतर खंबायतेविषयीं मी पुन्हां वाचावयास घेतलें, तेव्हां पिशवीच्या जागीं मला माणसें दिसूं लागलीं. ओली थैली निरुपद्रवी होती. तींतून धूळ उडत नसे. धोका होता तो तिच्या आधींच्या पायरींत, घासण्यांत. तें काम विजेच्या कुरुंद-चाकावर आलें तेव्हां उत्पन्न वाढलें आणि त्याबरोबर धुरळाहि. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें तेथील अकीक-कामगारांच्या पाहण्या केल्या, व घासणाऱ्यांत हा रोग ठळकपणें आढळला. १९४८ च्या कारखाने कायद्यानें सिलिकोसिस हा कळविलाच पाहिजे अशा रोगांत घातला होता. पण खंबायतेचा घासणारा आपल्या अंगणांत चाक मांडून बसतो, आणि अंगण म्हणजे कांहीं कारखाना नव्हे. त्याच अंगणांत त्याची मुलें खेळतात, चूल पेटते. चाकाशेजारीं धूळ ओढून घेणारा पंखा बसविण्याचे प्रयोग तेथें झाले आहेत. मण्याला मिळणाऱ्या मजुरींत विजेचा तो जादा आंकडा कोणीं भरावयाचा, हें गिऱ्हाइकानें कधीं विचारलेलें नाहीं. मीहि विचारलें नव्हतें. घरांत लग्नांतली एक अकिकाची माळ आहे, ती कोणी घासली असेल कोण जाणे.

माझें चाक मीं विकलें नाहीं, मोडून टाकलें. कडा आतां पिंपांतच बोथट होतात. त्यासाठीं भरड पुडीचा एक आठवडा वाढवावा लागतो इतकेंच. पिंप धुतलेलें पाणी मोरींत ओतीत नाहीं, कारण तो गाळ नळींत बसला कीं सिमेंटासारखा घट्ट होतो. आणि तो वाळूंहि देत नाहीं, कारण वाळलेला गाळ म्हणजे पुन्हां तोच धुरळा. ओला असतांनाच बागेच्या कोपऱ्यांत खड्डा करून पुरतों. सध्यांची खेप मध्यम पुडीवर आहे. येत्या रविवारीं झांकण उघडावयाचें, आणि शेजारच्या गृहस्थांनीं त्या वेळीं हजर राहण्याचें कबूल केलें आहे.