घरगुती पवनचक्की आणि पांढुर्णा-सौंसरची वीज

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात वाऱ्याचा सर्वांत जुना उपयोग खळ्यावर होत असे. ज्वारीची मळणी झाली की तिवईवर उभे राहून सुपातले धान्य हळूहळू खाली सोडत. दाण्यांची रास पायाशी पडे आणि भुसा बाजूला उडून जाई. उपणणीला फार जोराचा वारा लागत नाही, पण तो एका दिशेने आणि सलग वाहावा लागतो. तसा वारा सुटेपर्यंत खळ्यावर थांबणे हा कामाचाच भाग होता. वाऱ्याच्या बळावर दळण दळण्याची किंवा पाणी उपसण्याची रीत मात्र येथे कधी रुजली नाही. जाते घरातल्या बायका ओढत आणि मोटेला बैल जुंपले जात. त्याचे कारण या भागाच्या भूगोलात आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी आहेत. छिंदवाडा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६७० मीटर उंचीवर, पठारावर वसले आहे. तेथून घाट उतरून आल्यावर सौंसरचा सखल, काळ्या मातीचा प्रदेश लागतो. जमीन, पिके आणि भाषा या तिन्ही बाबतींत हा प्रदेश नागपूरच्या मैदानाचाच उत्तरेकडचा भाग आहे. जाम आणि कन्हान या नद्या येथून वाहतात. उत्तरेला डोंगर असल्यामुळे आणि समुद्र दूर राहिल्यामुळे येथील वारा वर्षाचा बराच काळ मंद असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला जोर येतो, पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत तो पश्चिमेकडून बऱ्यापैकी वाहतो आणि दसरा-दिवाळीनंतर जवळजवळ पडतो. पवनचक्कीचे गणित पुढे ज्या गोष्टीवर अडले, ती हीच.

विजेपूर्वीच्या काळात घरात उजेडासाठी तेलाचे दिवे होते. नंतर रॉकेल आले आणि त्याबरोबर चिमण्या, कंदील आणि लग्नकार्यापुरती गॅसबत्ती आली. कापसाच्या व्यापारामुळे पांढुर्णा आणि सौंसर येथे जिनिंगचे कारखाने निघाले. वाफेच्या इंजिनांमुळे यंत्रशक्तीची ओळख येथे आधी कारखान्यांतून झाली. घरांपर्यंत ती बऱ्याच उशिरा पोचली.

घरापुरती वीज वाऱ्यावर तयार करण्याचा प्रयोग त्याच सुमारास परदेशात सुरू झाला होता. १८८७ मध्ये स्कॉटलंडमधील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी मेरीकर्क गावातील आपल्या सुटीच्या घराजवळ पवनचक्की उभारली. तिच्यावर विद्युतघट भारित करून त्यांनी घरात दिवे लावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी आपल्या बंगल्यासाठी १७ मीटर व्यासाचे, १४४ पात्यांचे चक्र उभे केले. त्यापासून १२ किलोवॅटपर्यंत वीज मिळे. डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह येथे पॉल ला कूर यांनी १८९१ पासून या विद्येचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. १९१९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी वाऱ्यातील ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच चक्राला घेता येते, हे गणिताने दाखवून दिले. ही मर्यादा आजच्या यंत्रांनाही लागू आहे.

घरगुती पवनचक्कीचा खरा बहर अमेरिकेच्या मोकळ्या माळरानावर १९२० आणि १९३० च्या दशकांत आला. तेथील शेतघरे एकमेकांपासून मैलोगणती दूर होती, वारा भरपूर होता आणि विजेची तार पोचलेली नव्हती. जेकब्स बंधूंची यंत्रे आणि ‘विंचार्जर’ यांच्यावर तेथे दिवे व रेडिओ चालत. १९३५ मध्ये तेथील सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले. स्वस्त वीज शेतापर्यंत येऊ लागली तसतशी ही यंत्रे उतरवली गेली. घरगुती पवनचक्की टिकायला दोन अटी लागतात हे त्यातून दिसून आले: वारा जोराचा असावा आणि तारेची वीज नसावी किंवा महाग असावी.

भारतात वाऱ्याचा विचार आधी पाण्यासाठी झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रास प्रांतात सिंचनासाठी पवनचक्क्यांचे प्रयोग केले. स्वातंत्र्यानंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पवनशक्तीसाठी उपसमिती नेमली. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९६० च्या दशकात पाणी उपसणारी पवनचक्की तयार केली. १९८० च्या दशकात बारा पात्यांची आणि पाच मीटर व्यासाची ‘१२ पीयू ५००’ ही पवनचक्की सरकारी अनुदानाने अनेक राज्यांत लागली. पाणी वर असलेल्या विहिरींना ती चालून जाई. संत्र्याच्या बागांसाठी ज्या पट्ट्यात विहिरी आणि कूपनलिका खोल खोल जात गेल्या, तेथे मंद वाऱ्यावर चालणारा पंप पुरा पडणे शक्य नव्हते. पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याने मोटेनंतर डिझेल इंजिन आणि मग विजेची मोटार घेतली.

या भागात तारेची वीज आली ती कोळशाच्या आणि सरकारी मंडळाच्या मार्गाने. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानुसार १९५० मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळ स्थापन झाले. त्या वेळी राज्याची राजधानी नागपूर होती आणि सौंसर व काटोल एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, तर मराठीभाषक असूनही सौंसर तालुका छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे वीजही दोन मंडळांत विभागली. नरखेड, काटोल, सावनेरचे ग्राहक आधी मुंबई राज्याच्या आणि १९६० नंतर महाराष्ट्राच्या मंडळाकडे गेले, आणि सीमेच्या अलीकडचे जबलपूरच्या मंडळाकडे राहिले. बोली आणि सोयरिक एक, पण वीजदर आणि भारनियमनाचे वेळापत्रक वेगळे, अशी स्थिती तेव्हापासून आहे.

विजेसाठी लागणारा कोळसा जवळच होता. छिंदवाडा जिल्ह्याच्या उत्तर भागात परासियाच्या परिसरात पेंच-कन्हान कोळसाक्षेत्र आहे. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात सारणी येथील सातपुडा औष्णिक वीजकेंद्र १९६७ मध्ये सुरू झाले. १९८० च्या दशकात पेंच नदीवर तोतलाडोह येथे १६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला आणि त्याची वीज दोन्ही राज्यांनी वाटून घेतली. मोठी केंद्रे अशी जवळपास असल्याने तार आधी पोचली आणि घरची यंत्रे हा विषय निघण्याआधीच मागे पडला.

तार गावात येणे आणि घरात येणे यांत मात्र बरीच वर्षे गेली. गरीब कुटुंबांसाठी ‘एकबत्ती कनेक्शन’ देण्याचे धोरण मध्य प्रदेशाने राबवले. केंद्राची कुटीर ज्योती योजना १९८८-८९ मध्ये आली. १९९० च्या दशकात एकबत्ती ग्राहकांना आणि पाच अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत होती. त्याच दशकाच्या अखेरीस टंचाई इतकी वाढली की वीज, रस्ते आणि पाणी हे २००३ च्या विधानसभा निवडणुकीतले मुख्य मुद्दे ठरले. ज्यांना परवडे त्यांनी या काळात इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली. ती बिल वाचवण्यासाठी नव्हती. पंखा आणि दिवा चालू राहावा एवढाच तिचा हेतू होता. बॅटरी भरायला जाणारी वीज धरली तर बिल उलट वाढत असे. २००५ मध्ये मंडळाची विभागणी होऊन वितरण पूर्व क्षेत्र कंपनीकडे आले आणि २०१३ च्या अटल ज्योती अभियानात घरगुती व शेतीचे फीडर वेगळे करून घरांना चोवीस तास वीज देण्याचे धोरण आखले गेले.

वाऱ्याच्या विजेला सरकारी पाठबळ मिळाले ते याच काळात, पण वेगळ्या ठिकाणी. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग निघाला. १९८६ च्या सुमारास देशातील पहिल्या प्रात्यक्षिक पवनप्रकल्पांपैकी एक कोकणात देवगड येथे उभा राहिला. त्यात ५५ किलोवॅटची दहा यंत्रे होती. पुढे सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठार, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कवड्या डोंगर आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे मोठे प्रकल्प झाले. मध्य प्रदेशात देवासजवळच्या जामगोदराणी टेकड्यांपासून सुरुवात झाली आणि माळव्याचे पठार हे राज्यातील पवनविजेचे मुख्य क्षेत्र बनले. पांढुर्ण्याला सर्वांत जवळचे वाऱ्याचे ठिकाण म्हणजे बैतूल जिल्ह्यातील भैसदेही तालुक्यातले कुकरू. ते सातपुड्याच्या माथ्यावर, १,१०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. वारा डोंगरमाथ्यावर असतो, पायथ्याला नसतो, हे देवगड सोडून बाकीच्या ठिकाणांतून स्पष्ट होते. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार १०० मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता सुमारे ४५ गिगावॅट आहे, तर मध्य प्रदेशाची सुमारे साडेदहा गिगावॅट.

घरगुती यंत्रांसाठी केंद्राने लहान पवनजनित्र आणि पवन-सौर संकर संयंत्रांची वेगळी योजना चालवली. त्यात दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रांना अनुदान मिळे. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाने ती नेटाने राबवल्यामुळे अशा संयंत्रांच्या क्षमतेत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला. तरीही संपूर्ण देशाची बेरीज थोड्याच मेगावॅटमध्ये मोजावी लागे. ही संयंत्रे बहुतेक शाळा, आश्रम, कार्यालये आणि दुर्गम वस्त्यांवर लागली. सामान्य घराच्या छतावर ती क्वचितच पोचली.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, वेग निम्मा झाला तर ती आठव्या हिश्शावर येते. तीन मीटर व्यासाचे, म्हणजे साधारण एक किलोवॅटचे यंत्र घेतले तर सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्यात ते पूर्ण क्षमतेने चालते. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात त्याच्या चक्रासमोर सुमारे ११० वॅट शक्ती येते आणि तिच्यातील ३० टक्के हाती लागली तर ३३ वॅट मिळतात. असा वारा रात्रंदिवस वाहिला तरी महिन्याला २४ युनिटच होतात. शिवाय घरांच्या आणि झाडांच्या आडोशाने वारा भोवऱ्यासारखा फिरतो, म्हणून यंत्र आसपासच्या अडथळ्यांपेक्षा नऊ-दहा मीटर उंच मनोऱ्यावर बसवावे लागते. छतावर थेट बसवले तर वीज कमी मिळते आणि भिंतींना हादरे बसतात.

ऋतूंची गाठही नीट पडत नाही. या भागात विजेचे बिल सर्वांत जास्त येते ते एप्रिल-मे महिन्यांत, कूलर रात्रभर चालतात तेव्हा. सर्वांत भरवशाचा वारा मिळतो तो जून-जुलैत. हिवाळ्यात यंत्र बहुतांश वेळ उभेच राहते.

दरांनी उरलेली बाजूही पक्की केली. २०१९ मध्ये मध्य प्रदेशात इंदिरा गृह ज्योती योजना लागू झाली. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपये आकारले जाऊ लागले. पुढे हीच सवलत अटल गृह ज्योती या नावाने चालू राहिली. रुपयाला एक युनिट मिळत असेल, तर २४ युनिटांची बचत २४ रुपयांची. सवलतीबाहेरच्या ग्राहकाचा दर सात रुपये धरला तरी वर्षाची बचत दोन हजारांच्या आसपास राहते. लहान पवनजनित्राचा खर्च किलोवॅटमागे दोन-अडीच लाख रुपये येतो. देखभाल आणि बॅटरी वगळूनही तो फिटायला शंभर वर्षे लागतील.

घरखर्चातली विजेची बचत प्रत्यक्षात दुसऱ्या वाटांनी झाली. २०१५ पासून उजाला योजनेत एलईडी दिवे स्वस्तात मिळू लागले आणि साठ वॅटच्या बल्बचे काम नऊ वॅटवर होऊ लागले. त्याच वर्षी मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे, म्हणजे छतावरची जादा सौर वीज तारेला परत देऊन बिलातून वजा करण्याचे, नियम केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावरील सौर संयंत्रांसाठी पीएम सूर्यघर योजना आली. तिच्यात दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संयंत्राला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. मध्य भारताच्या उन्हात एक किलोवॅट सौर संयंत्र दिवसाला सुमारे चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट देते. तेवढ्याच क्षमतेच्या पवनजनित्राच्या हे पाचपट आहे आणि सौर संयंत्रात फिरणारा, झिजणारा भाग नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हाच घरगुती विजेच्या बचतीची ही दिशा दिसू लागली होती.

पवनचक्कीचे यंत्र त्यामुळे खोटे ठरत नाही. डोंगरकड्यावरची एकाकी वस्ती, तार न पोचलेले शेतघर किंवा पावसाळ्यात ऊन कमी पडणारे उंच ठिकाण येथे सौर तावदानांच्या जोडीला लहान पवनजनित्र उपयोगी पडू शकते. त्याआधी त्या जागी मनोऱ्याच्या उंचीवर किमान वर्षभर वाऱ्याचा वेग मोजला पाहिजे आणि सरासरी सेकंदाला पाच मीटरच्या खाली असेल तर तो विचार सोडून द्यावा. सौंसरच्या सखल भागात आणि पांढुर्णा शहराच्या छतांवर ती सरासरी मिळण्यासारखी नाही. तेथे बिल कमी करायचे असेल तर पैसा सौर तावदानांत घालणेच शहाणपणाचे.