भिंतीत रुतलेलं खापर ही सजावट आहे का?

सिनॉप्सिस लिहिताना मी विषय दिला होता, ‘बुलढाणा जिल्ह्यातील घरांच्या भिंतींची पारंपरिक सजावट’. गाईडनी वाचून एकच प्रश्न विचारला, “सजावट कशाला म्हणतोस?” मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? भिंतीवर जे दिसतं ती सजावट. हे उत्तर किती कच्चं होतं, ते फील्डवर्कमध्ये कळलं.

संग्रामपूर तालुक्यातल्या एका मातीच्या घरात कोनाड्याभोवती फुटक्या बांगड्यांचे हिरवे-लाल तुकडे ओळीने दाबलेले होते. त्याच भिंतीत, दोन हात खाली, एक काळं-तांबडं खापर अर्धं बाहेर आलं होतं. मी दोन्हींचे फोटो काढले आणि वहीत एकाच मथळ्याखाली नोंदवले. घरातली आजी हसायला लागली. बांगड्यांचे तुकडे तिने स्वतः ओल्या मातीत बसवले होते, लेकीच्या लग्नाच्या वर्षी. खापर मात्र कोणीच लावलं नव्हतं. ते मातीबरोबर आलं होतं.

आता ‘मातीबरोबर आलं’ याचा अर्थ बघा. आपल्याकडे शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. जुनी वस्ती पडते, तिच्यावर नवी उभी राहते, असं शेकडो वर्षं चाललं की टेकाड तयार होतं. त्यात पडलेल्या भिंतींची माती असते, राख असते, आणि खापरं, मणी, हाडंही असतात. ही पांढरी माती भिंतींना आणि धाब्याच्या छताला चांगली, म्हणून लोक ती खणून आणत आले. पूर्णाकाठचं भोन याच संग्रामपूर तालुक्यातलं. तिथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. भास्कर देवतारे यांच्या चमूने केलेल्या उत्खननात प्राचीन वस्ती, स्तूप आणि भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही वस्ती. अशा परिसरात पन्नास-साठ वर्षांच्या भिंतीत फार जुनं खापर सापडलं, तर नवल नाही. म्हणून पहिला धडा असा की वस्तूचं वय आणि भिंतीचं वय एकच आहे असं धरून चालायचं नाही.

मग सजावट ओळखायची कशी? मी तीन गोष्टी बघायला लागलो. मांडणीत ओळ किंवा आकार आहे का? जागा निवडलेली दिसते का, म्हणजे कोनाडा, चौकट, देवघर? आणि सर्वांत महत्त्वाचं, घरातलं माणूस त्याबद्दल काय सांगतं? खापर पहिल्या दोन कसोट्यांवरच पडलं. पण आजी बोलली नसती, तर बांगड्यांमागचं लग्न मला कधीच कळलं नसतं.

माझी दुसरी चूक वेळेची. मी सुरुवातीला फक्त दिवाळीच्या सुट्टीत गावोगाव फिरलो. तेव्हा भिंती नुकत्याच सारवलेल्या, चुन्यात नीळ टाकून रंगवलेल्या, खाली गेरूचा पट्टा. मी लिहून टाकलं, ‘येथील भिंती निळसर असतात.’ पावसाळ्यात गेलो तर तीच भिंत पोपडे आलेली, आणि तिच्यावर नागपंचमीचे नाग काढलेले. कुठे श्रावणात चिकटवलेला जिवतीचा कागद. पोळा झाला की बैलांच्या झुली आणि घुंगरमाळा पुन्हा खुंटीला. दारावर धान्याच्या ओंब्या, आढ्याला लग्नातलं बाशिंग. यातली प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या दिवशी भिंतीवर येते आणि वेगवेगळ्या दिवशी उतरते. काही तर उतरतच नाहीत. त्यामुळे नोंदवहीत ‘काय आहे’ एवढाच रकाना पुरत नाही. ‘कोणी लावलं’, ‘कधी लावलं’, ‘कधी काढणार’ हे तीन रकाने हवेतच.

चुन्याच्या थरांबद्दलही सावध राहा. पोपडा पडला की कडेला थर मोजता येतात, आणि झाडाच्या वलयांसारखा एक थर म्हणजे एक वर्ष असं म्हणायचा मोह होतो. पण लग्नाच्या वर्षी घर दोनदा रंगतं आणि दुष्काळाच्या वर्षी एकदाही नाही. थर घरातल्या घडामोडी सांगतात, सन सांगत नाहीत.

सन हवा असेल तर छापील चित्रांकडे वळा. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. अशा छापखान्यांच्या लक्ष्मी-सरस्वतींनी घराघरांतल्या भिंती बदलल्या. आपल्या जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं रेल्वेमार्गावरची, आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा आला. पण रेल्वे आली म्हणजे चित्र आलं, असं थेट लिहू नका. फ्रेमखाली झाकलेली चित्राची कड बघायला मिळाली तर बघा. छापखान्याचं नाव बहुतेक वेळा तिथेच असतं. चित्राचा काळ ठरवायला सुरुवात तिथून होते. या विषयात शिरायचं असेल तर ख्रिस्तोफर पिनी यांचं ‘फोटोज ऑफ द गॉड्स’ (२००४) जरूर वाचा.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? जिगाव प्रकल्पामुळे पूर्णाकाठच्या अनेक गावांचं पुनर्वसन होतंय. माणसं नव्या गावठाणात जातील. फ्रेम, झुली, बाशिंगही बरोबर जाईल. कोनाड्याभोवतीच्या बांगड्या जाणार नाहीत. मातीची भिंत उचलून नेता येत नाही. छत उतरवलं की दोन-तीन पावसाळ्यांत ती पुन्हा पांढरी होऊन जाते. गॅझेटिअरमध्ये त्या बाईचं नाव नाही, सातबाऱ्यावर बहुतेक वेळा नाही. तिने स्वतःच्या हाताने मागे ठेवलेला पुरावा म्हणजे ती ओळ.

नंतर मी सिनॉप्सिसमधला विषय बदलला. ‘सजावट’च्या जागी ‘भिंतीवर ठेवलेल्या वस्तू आणि त्या ठेवणारी माणसं’ असं लिहिलं. गाईड म्हणाले, “आता काम सुरू कर.”

तुम्हीही विषय निवडताना आपल्याच घराच्या एका भिंतीपासून सुरुवात करून बघा. आधी आईला किंवा आजीला विचारा, फोटो नंतर काढा.