ग्रँड हॉटेलचा वाद्यवृंद

कलकत्त्यात बालीगंजहून निघालेली ट्राम एस्प्लनेडला सोडायची, तिथून चौरंगीवरचं ग्रँड हॉटेल हाकेच्या अंतरावर आहे. दुसऱ्या महायुद्धात या हॉटेलात पियानोवर बसणारा टेडी वेदरफोर्ड जन्माने अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा, कृष्णवर्णीय, १९०३ सालचा. त्याची कलकत्त्यातली वर्षं जुळवायची तर कोलंबिया कंपनीच्या काही लाखेच्या तबकड्या, लष्करी रेडिओशी जोडलेले उल्लेख आणि सोबत्यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणी, एवढ्यावर भागवावं लागतं.

आफ्रिकी वंशाच्या वादकांच्या नोंदींबाबत दक्षिण अमेरिकेतल्या पेरूत याच्या उलट आहे. त्रुहियोचे बिशप मार्तीनेस कोम्पान्योन यांनी १७८०च्या दशकात तिथल्या लोकजीवनाची चित्रं काढवून घेतली. त्यांत आफ्रिकी वंशाचे नाचणारे-वाजवणारे आहेत, सोबत वीस गाण्यांची स्वरलिपीही आहे. पण आवाज कुठून आणणार? विसाव्या शतकात निकोमेदेस आणि व्हिक्टोरिया सांता क्रूस या भावंडांनी ही नृत्यगाणी पुन्हा रंगमंचावर उभी केली, ती बरीचशी थोरांच्या आठवणींवर आणि स्वतःच्या प्रतिभेवर. कलकत्त्याचा आवाज मात्र शाबूत आहे. हरवली आहेत ती वाजवणाऱ्यांची नावं.

तबकडीवर नाव एकट्या म्होरक्याचं: ‘टेडी वेदरफोर्ड अँड हिज बँड’. जेमतेम तीन मिनिटांची एक बाजू. तिच्यात ट्रम्पेट कुणाचा, सॅक्सोफोन कुणाचा, हे कागद सांगत नाही. जॅझच्या अभ्यासकांनी आठवणी ताडून आणि कान लावून याद्या केल्या, त्यांत अमेरिकन सॅक्सोफोनवादक रॉय बटलरबरोबर जपानी चढाईमुळे ब्रह्मदेशातून निघून आलेला रूबेन सोलोमनही सापडतो. जिमी विदरस्पून हा पुढे नावारूपाला आलेला गायक तेव्हा व्यापारी जहाजावर कामाला होता. तोही इथं टेडीच्या वाद्यवृंदाबरोबर गायला.

टेडीचा त्याआधीचा माग बराच ठळक आहे. १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात, लुई आर्मस्ट्राँगसोबत, तो ध्वनिमुद्रणाला बसला होता. त्याच साली त्याने आशियाची वाट धरली. शांघायमध्ये त्याची गाठ पडल्याचं कवी लँग्स्टन ह्यूजने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीने १९३५ साली कृष्णवर्णीय अमेरिकनांचा वाद्यवृंद आणला. त्याच्यामागून आलेल्या क्रिकेट स्मिथच्या संचात टेडी होता, आणि गोव्यातल्या कुडचड्याचा ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांडही.

मला महत्त्वाची वाटते ती ही शेजार-शेजारची बैठक. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांकडून स्वरलिपी घोटून घेत, त्यामुळे समोर कागद आला की गोवेकर वाजवणारच. जॅझमधला ठेका किंचित मागे ओढणं, ऐनवेळी सुचेल ते वाजवणं, हे कागदावर येत नाही. ते बाजूला बसून उचलावं लागतं. हॉटेलांच्या जाहिरातींत या शिकवणीचा मागमूस नसणार, हे उघड आहे. ती उजेडात आली मुलाखतींतून. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाने अशा कितीतरी वादकांना पुन्हा नाव मिळवून दिलं.

ग्रँड हॉटेल साथीमुळे बंद पडलं होतं. ते मोहनसिंग ओबेरॉय यांनी चालवायला घेतलं, आणि युद्धात तिथं गोऱ्या सैनिकांचा तळ पडला. १९४३ साली याच शहराच्या रस्त्यांवर माणसं अन्नाविना मरत होती. तबकड्यांत त्याची चाहूलही नाही. नाचायला आलेल्यांसाठी वाजवलेल्या संगीतात ती शोधणंही फारसं रास्त नव्हे.

२५ एप्रिल १९४५ रोजी टेडी कॉलऱ्याने कलकत्त्यातच वारला. वय ४१. युरोपातलं युद्ध संपायला दोन आठवडेसुद्धा उरले नव्हते. फ्रँक फर्नांड मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत गेला आणि पुढे निर्माता झाला. १९६३ सालचा ‘आमचें नशीब’ आणि १९६६ सालचा ‘निर्मोण’ हे दोन्ही कोंकणी चित्रपट त्याचे.